सॉडॉरची आगगाडी आणि तिचे उतारू

नकाशात नसलेल्या देशाची आगगाडी हा विषय मुलांच्या करमणुकीपलीकडे जात नाही, असा समज आपल्याकडील चांगल्या वाचकांतही आढळतो. इंग्लंडातील पाद्री विल्बर्ट ऑड्री (१९११–१९९७) यांची 'रेल्वे सिरीज' ही पुस्तकमाला हाती न घेता, 'थॉमस' या निळ्या इंजिनाचे खेळणे आणि १९८४ पासून दूरचित्रवाणीवर आलेली चित्रे एवढ्यावरच हा समज बेतलेला असतो. आमचे मत याहून निराळे आहे. ही सव्वीस छोटी पुस्तके एका काल्पनिक भूमीच्या रेल्वेची जी साद्यंत घडी बसवितात, ती पाहून त्यांना गंभीर टीकेचा मान दिला पाहिजे असे आम्हांस वाटते. आणि गंभीर टीका म्हटली म्हणजे तीत दोषही सांगणे आले.

ऑड्री यांचे वडीलही पाद्रीच होते. कुटुंब विल्टशायरमधील बॉक्स या गावी राहावयास गेले, तेथे घराजवळून रेल्वेचा चढ जात असे. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या चढावर धापा टाकणाऱ्या इंजिनांचे फूत्कार त्या मुलाला बोलण्यासारखे वाटत. पुढे १९४२ च्या सुमारास त्यांच्या मुलाला, ख्रिस्तोफरला, गोवर आला, तेव्हा त्याचे मन रमविण्यासाठी या बोलक्या इंजिनांच्या गोष्टी झाल्या आणि १९४५ साली पहिले पुस्तक निघाले. इतके तर पुष्कळांस ठाऊक असते. खरी नवलाची गोष्ट पुढची आहे. गोष्टी वाढू लागल्या, बालवाचक चिकित्सक प्रश्न विचारू लागले, तेव्हा या रेल्वेला एक भूमी हवी झाली. आयरिश समुद्रातील मॅन बेटाच्या बिशपची पदवी 'सॉडॉर आणि मॅनचा बिशप' अशी आहे. मॅन बेट आहे, सॉडॉर मात्र कोठेच नाही. मूळचा नॉर्स शब्द 'दक्षिणेकडील बेटे' या अर्थाचा, तो पदवीत तेवढा उरला. बेट नाही, पण त्याचा धर्मगुरू आहे! ऑड्री यांनी मॅन आणि इंग्लंडचा किनारा यांच्या मधल्या समुद्रात ते बेट वसविले.

आपल्या वाचकांस ही रीत परकी वाटू नये. कोणत्याही क्षेत्राचे माहात्म्य उघडावे: नाव आधी असते, नावाची उत्पत्ती सांगणारी कथा मागाहून येते, मग डोंगर, ओढा, वेशीवरचा दगड, एकेकाला आपापली हकीकत मिळत जाते आणि ती भूमी भाविकाच्या मनात पायाखालच्या मातीइतकी खरी होते. ऑड्री आणि त्यांचे ग्रंथपाल बंधू जॉर्ज यांनी सॉडॉरसाठी हेच केले. राजे, संत, खाणी, लुप्तप्राय बोली, गावांच्या नावांच्या व्युत्पत्ती, हे सर्व त्यांनी रचले आणि १९८७ साली त्याचा स्वतंत्र ग्रंथही प्रसिद्ध झाला. फरक इतकाच, की येथे देवळाच्या जागी स्टेशन आहे. रेल्वे आणि चर्च या दोहोंचा उत्कर्ष एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला, दोहोंनी भव्य इमारती उभारल्या आणि माणसाला मुक्कामी पोहोचविण्याचा उत्तम मार्ग आपलाच अशी दोहोंची खात्री आहे, असे ऑड्री स्वतः विनोदाने म्हणत असत.

मुक्कामी पोहोचणारा तो उतारू. आमच्या मते या कथांचा खरा नायक थॉमस नव्हे, उतारू होय. १९४६ च्या पुस्तकात आपल्याला गाडी ओढावयास मिळाली या आनंदात थॉमस डबे न जोडताच निघून जातो आणि सिग्नलवाल्याने सांगेपर्यंत त्याला मागे काहीच नसल्याचा पत्ता नसतो. फलाटावर राहिलेल्या माणसांवाचून इंजिनाची धाव हास्यास्पद आहे, हे सांगण्याची याहून चांगली रीत आम्हांस तरी सुचत नाही. जेम्स हे लाल इंजिन डब्यांना धसमुसळेपणाने हिसके देते, ब्रेकची नळी गळू लागते, तेव्हा एका उतारूच्या बुटाची कातडी नाडी आणि वर्तमानपत्रे घेऊन ती बांधावी लागते. उतारू रागावतो, कुरकुरतो, साहेबाकडे तक्रार करतो. पण वेळ आली की नाडीही देतो. ऑड्री यांनी १९५२ साली वेल्समधील टॅलिथलिन रेल्वेवर स्वयंसेवक म्हणून गार्डाचे काम केले होते. तेथे एकदा फराळ विकणाऱ्या बाईंना स्टेशनातच विसरून त्यांनी गाडी सोडली, आणि १९५५ च्या पुस्तकात त्या प्रसंगाचीच गोष्ट केली. हा लेखक फलाटावरून लिहितो, कचेरीतून नव्हे.

एवढी स्तुती झाल्यावर हेन्रीच्या गोष्टीकडे वळले पाहिजे. हेन्री हे हिरवे इंजिन. पावसाने रंग खराब होईल म्हणून ते बोगद्यातून बाहेर यावयास नकार देते. उतारू दोर लावून ओढतात. जाडे डायरेक्टरसाहेब मात्र वैद्याने मना केले आहे म्हणून ओढत नाहीत. (हा चिमटा फार गोड आहे.) शेवटी रूळ उखडून, विटांची भिंत बांधून हेन्रीला बोगद्यातच कोंडतात, आणि त्याला योग्यच शासन झाले ना, असे लेखक बालवाचकाला विचारतो. हा प्रश्न आम्हांस बोचतो. निर्णय आधीच देऊन मग मुलाची संमती मागणे, हे शिक्षण नव्हे. पुढच्या कथेत गॉर्डन निकामी होतो, एडवर्डला एकट्याने गाडी हलत नाही, आणि भिंत फोडून हेन्रीला बाहेर काढतात, हे खरे. इंजिनांना शिक्षा होते, क्षमाही होते, पण त्यांना भंगारात कधी घालीत नाहीत, असे समर्थन ऑड्री करीत. परंतु हेन्रीची सुटका पश्चात्तापामुळे किंवा दयेमुळे झालेली नाही; गाडी अडली म्हणून झाली आहे. गॉर्डन सुस्थितीत राहता तर?

सॉडॉरवरील सर्वांत मोठी पदवी म्हणजे 'खरोखर उपयोगी इंजिन'. ज्या लेखकाला शांततावादी मतांमुळे युद्धकाळात आपले काम गमवावे लागले, त्याने मनुष्याचे मोल उपयोगावरून ठरते असे मानले असेल, हे आम्हांस पटत नाही. तरी पुस्तकांतील कायदा तोच आहे. मालाच्या डब्यांची स्थिती तर याहून वाईट. इंजिनांना नावे, स्वभाव, मान. मालडबे बहुतेक निनावी, मूर्ख आणि मारून वठणीवर आणण्याच्या लायकीचे. १९६९ च्या पुस्तकात त्यांच्यापैकी एक जुनाट पुढारी ऑलिव्हर ओढून मोडून टाकतो आणि आपण हसावे अशी अपेक्षा आहे. घरात नोकरमाणसे असलेल्या मुलाने यातून काय घ्यावे?

परंतु याच मालिकेत या कायद्याला उत्तरही आहे, आणि ते बाहेरच्या जगाने लिहावयास लावले. १९६३ साली डॉक्टर बीचिंग यांच्या अहवालाने ब्रिटनमधील दोन हजारांहून अधिक स्टेशने आणि सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस केली. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरून वाफेची इंजिने गेली. त्याच वर्षीच्या पुस्तकात गॉर्डन आपल्या नष्ट झालेल्या भावंडांसाठी उदास आहे, आणि डग्लस हे इंजिन भंगारातून पळालेल्या ऑलिव्हरला रात्रीच्या अंधारात लपवीत सॉडॉरला आणते. ऑलिव्हर उपयोगी आहे की नाही, हे डग्लस विचारीत बसत नाही. पळणारा आहे, आसरा मागतो आहे, पुरे. या एका कथेसाठी आम्ही हेन्रीच्या भिंतीचा राग सोडावयास तयार आहोत.

आणि टोबीची कथा (१९५२) तर सोळा वर्षे आधीची. मोटारबसने उतारू नेले, लॉरीने माल नेला, मार्ग बंद ठरला. शेवटच्या दिवशी चहूकडून माणसे येऊन गाडीत गर्दी करतात, थट्टा करतात, गातात. टोबीला आणि त्याच्या ड्रायव्हरला मात्र ते नकोसे वाटते. येथे लेखक आपल्या लाडक्या उतारूलाही सोडीत नाही. उतरलेल्या गावची गाडी बंद होताना फोटो काढावयास जमणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांस हे पान चटका लावील.

दूरचित्रवाणीवरील चित्रांविषयी थोडक्यात. आरंभीच्या भागांत छोट्या प्रतिकृतींची हालचाल सुंदर होती. पुढे कथा रुळांपासून सुटत गेली. २०१६ च्या चित्रपटात 'आशिमा' हे भारतीय इंजिन आले. तिचा नमुना निलगिरीच्या डोंगरी रेल्वेचा, म्हणजे दातेरी रुळावर चढणारा. ऑड्री यांच्या १९६४ च्या पुस्तकात दातेरी रुळाची एक आख्खी डोंगरी रेल्वे सॉडॉरवर तयार आहे! आशिमाचे स्थान तेथे होते. तिला रंगीत नक्षी चढवून सपाटीवरच्या शंटिंगच्या शर्यतीत उभी केली आहे. चढच नसेल तर निलगिरीचे इंजिन कशाला हवे, हा प्रश्न ऑड्री यांच्या एखाद्या आठ वर्षांच्या वाचकानेसुद्धा पत्र लिहून विचारला असता.

ही पुस्तके कोणी मराठीत अगर कोंकणीत आणू म्हणेल, तर टोबी आणि ऑलिव्हर यांच्यापासून आरंभ करावा, हेन्री मागाहून. मराठी भाषांतरकारापुढे एक मौजेची अडचण उभी राहील. मालाच्या डब्याला आपल्याकडे रेल्वेची माणसे 'वाघीण' म्हणतात. ऑड्री यांचे ते निनावी, मार खाणारे डबे मराठीत येताच वाघिणी होतील, आणि मग ऑलिव्हरने त्यांतली एक ओढून मोडली हे वाचताना मुले कोणाची बाजू घेतील हे सांगवत नाही.