'गावगाडा' आणि महाराचे कसब

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'तील (१९१५) बलुतेदारांविषयी वर्गात बोलत होतो. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, सुताराचं लाकूड, लोहाराचं लोखंड, कुंभाराची माती. मग महाराचं काय?" मी थांबलो. यादीत बाकीच्यांच्या नावापुढे कसब आहे. महाराच्या नावापुढे आहे ती हाक. मयताचा सांगावा पोचव, मेलेले ढोर ओढ, वसुलाचा भरणा तालुक्याला ने, रात्री वेस राख. याला व्यवसाय म्हणायचे कशाच्या आधारे?

आत्र्यांवर अन्याय करायचा नाही. महसुली नोकरीत खेडी जवळून पाहिलेल्या या माणसाने गावाला गोकुळ म्हटले नाही. ते काम नंतरच्या ग्रामप्रेमींनी केले, आणि तेही बरेचदा हे पुस्तक न वाचता! परंतु आत्र्यांचा हिशेब कुणब्याच्या खळ्यावर उभा राहून मांडलेला आहे. बलुत्यापायी राशीतून किती गेले ही चिंता त्यात पानोपानी जाणवते. त्या चार सुपांसाठी महारवाड्यातील किती माणसे रात्रंदिवस बांधली गेली, ही चिंता मला तेवढी भेटत नाही.

हा दुसरा हिशेब बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात मांडला. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक त्यांनी आणले. कामाला वेळेची मर्यादा नाही, मोबदला रयतेच्या मर्जीवर, आणि वतनदार हजर नसला तर घरातल्या दुसऱ्याला धरून न्यायचे. इनामाचा तुकडा ही मिळकत नव्हती, तो दावणीचा खुंटा होता. पुढे १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त त्यांनी श्रमविभागणीचा युक्तिवादच मोडीत काढला. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला मात्र १९५८ उजाडले. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. तिथे हा शब्द पहिल्यांदा मोठ्या वाचकवर्गापुढे घेणाऱ्याच्या बाजूने बोलला.

तरीही कृषिपर्यटनाच्या देखाव्यांत आज चाक फिरवणारा कुंभार आणि भाता ओढणारा लोहार हौसेने मांडतात. येसकर बहुधा नसतो. असलाच तर काठी घेऊन हसत उभा.

त्या विद्यार्थ्याला मी लगेच उत्तर दिले नाही. घरी आजीला विचारून लिहून आण, म्हटले. त्याने अर्धे पान आणले: हाक आली की पणजा कोणकोणती कामे अर्धी टाकून उठायचा, त्याची यादी. पहिलेच काम होते जेवण.