दोन ठिपक्यांमधला वाघ

ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन आलो म्हटलं की पुण्याच्या ऑफिसात एकच प्रश्न येतो, "तो चालत आलेला वाघ दिसला का?" नाही दिसला. सागाची पानगळ, कोरडे नाले, अजिंठा रांगेचे उघडे उतार आणि वानरं दिसली. पण त्या प्रश्नामुळे वाघाची गोष्ट पुन्हा वाचली, आणि ती खटकली.

गोष्ट ठाऊक असेलच. टिपेश्वरात जन्मलेला 'वॉकर'. 2019 मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसली. महाराष्ट्र आणि तेलंगणातले जिल्हे ओलांडत, सुमारे 3000 किलोमीटर भटकून तो आमच्या बुलढाण्यात स्थिरावला. बातम्यांनी मथळा दिला, 'जोडीदाराच्या शोधात', आणि नकाशावर एक रेष काढली.

मी दिवसभर डेटाच बघतो, म्हणून सांगतो. कॉलर रेष देत नाही, ठिपके देते. तासाला एक. ते जोडतो आपण. मधल्या तासात तो कपाशीत दबून होता की नाल्यानं गेला, हे ठिपक्यात नसतं. रेषेमुळे मात्र भटकंती ठरवून केलेली वाटते. मग हेतूही आपणच भरतो: प्रेम.

वयात आलेला नर आईचा मुलूख सोडतोच. त्याला जागा, शिकार, मादी, सगळंच लागतं. टिपेश्वर आहे जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचं. प्रेमकथा केली की हा जागेचा प्रश्न गायब होतो. ज्यांच्या पिकांतून तो रात्री गेला, ते शेतकरीही गायब होतात. एवढ्या प्रवासात माणसाला इजा झाली ती एकदाच, तीही किरकोळ. तो झुडपात विसावलेला असताना कुणीतरी आत शिरलं म्हणून. खरा मथळा हा होता.

गावाकडचे मित्र तेव्हा म्हणायचे, "वाघालाही पोरगी भेटेना इथं." शेती करणाऱ्या पोरांची लग्नं अडलेल्या गावात हा नुसता विनोद नव्हता. बातम्यांपेक्षा हे वाचन मला जास्त प्रामाणिक वाटतं, कारण शेवट त्यांनीच नीट वाचला: तो आला तेव्हा ज्ञानगंगेत वाघीण नव्हतीच. बातमी मात्र 'स्थिरावला' म्हणून थांबली.

बोथा घाटातून परतताना वाटलं, आपलाही प्रश्न चुकतोय. वाघ दिसला का, हे नंतर विचारू. पुढचा वाघ येईल तर कुठल्या वाटेनं, आणि ती वाट तोवर राहील का, हे आधी विचारायला हवं.