मेंदूवरची पुस्तकं: काय टिकलं, काय विरलं

मेंदूवरचं नवं पुस्तक हाती आलं की मी सूचीतून आधी फिनिअस गेजचं पान काढतो. गेज जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असतोच. सप्टेंबर १८४८मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि मीटरभर लांब, सहा किलो वजनाची लोखंडी पहार या २५ वर्षांच्या मुकादमाच्या गालातून शिरून कवटी फोडून वर निघाली. तो वाचला. पुढचं लेखक कसं सांगतो, यावर त्याची पारख होते. ‘कष्टाळू, सालस माणूस एका क्षणात शिवराळ आणि बेभरवशाचा झाला’ एवढ्यावर जो थांबतो, त्याने ऐकीव गोष्ट पुढे ढकललेली असते. माल्कम मॅकमिलन यांनी जुने कागद उकरून २०००मध्ये एक जाडजूड ग्रंथ काढला. गेजच्या बदललेल्या स्वभावाबद्दलचा प्रत्यक्ष पुरावा किती तुटपुंजा आहे, हे त्यात दिसतं. शिवाय हाच गेज पुढे चिलीत कित्येक वर्षं प्रवासी घोडागाडी हाकत होता. पूर्ण वाया गेलेल्या माणसाच्या हाती कुणी सहा घोड्यांचे लगाम देत नाही. भावनेशिवाय निर्णय घेता येत नाही, हे पटवून देणारं अंतोनियो दामासिओंचं ‘डेकार्ट्स एरर’ (१९९४) मोलाचं आहेच; पण त्यातला गेज सिद्धान्ताच्या मापाने बेतलेला वाटतो.

या साऱ्या लेखनाचं दुखणं इथेच आहे. माणूस एक, आणि त्याच्यावर उभा केलेला निष्कर्ष साऱ्या मानवजातीचा. या दोहोंमधलं अंतर जो लेखक प्रामाणिकपणे दाखवतो, त्याचं पुस्तक टिकतं.

रुग्णापासून सुरू होणारी परंपरा सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्सांदर लुरिया यांची. काहीच विसरू न शकणाऱ्या माणसावर त्यांनी १९६८मध्ये लिहिलं आणि १९७१मध्ये डोक्यात गोळी लागलेल्या एका सैनिकावर. त्या सैनिकाला स्वतः लिहिलेलंही धड वाचता येत नव्हतं, तरी तो वर्षानुवर्षं आपली कहाणी लिहीत राहिला. पुस्तकाचा मोठा भाग त्याच्याच शब्दांत आहे. लुरिया मधूनमधून दोन शब्द समजावतात आणि बाजूला होतात. एवढा संयम नंतर फारसा कुणाला साधला नाही.

लुरियांना गुरुस्थानी मानणारे ऑलिव्हर सॅक्स मात्र बाजूला होत नाहीत. ‘अवेकनिंग्ज’ (१९७३) आणि ‘द मॅन हू मिस्टुक हिज वाइफ फॉर अ हॅट’ (१९८५) वाचताना रुग्णाइतकाच डॉक्टरही लक्षात राहतो. रुग्णांचं त्यांनी साहित्यिक भांडवल केलं, असा आक्षेप अपंगत्वाच्या काही अभ्यासकांनी घेतला आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. सॅक्सना साहित्य म्हणून जरूर वाचावं, पुरावा म्हणून नव्हे. तरीही आजार झाल्यावर माणूस आपलं जग पुन्हा कसं उभारतो, हा प्रश्न त्यांनी वाचकाच्या मनात रुजवला, हे श्रेय त्यांचंच.

हेन्री मोलेसनची कथा एकाच पुस्तकातून वाचू नये. फेफऱ्यावर उपाय म्हणून १९५३मध्ये विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे स्मृतीशी निगडित भागाचा, मोठा हिस्सा काढला आणि त्यानंतर आयुष्यात घडलेलं त्याच्या लक्षात राहीनासं झालं. स्मृतीबद्दल आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्याचा मोठा हिस्सा या माणसाच्या नुकसानीतून आला. सुझॅन कॉर्किन यांनी त्याचा अनेक दशकं अभ्यास केला. त्यांचं ‘पर्मनंट प्रेझेंट टेन्स’ (२०१३) विज्ञान नेटकं सांगतं. ल्यूक डिट्रिक यांचं ‘पेशंट एच. एम.’ (२०१६) अडचणीचे प्रश्न विचारतं: ही शस्त्रक्रिया कुणी, कशाच्या बळावर केली? संमती कुणाची होती? डिट्रिक हे स्कोव्हिल यांचे नातू. घरचंच माणूस जाब विचारतं, त्यामुळे पुस्तकाला वेगळीच धार आली आहे. आधी कॉर्किन, मग डिट्रिक, असा क्रम ठेवावा.

चेन्नईत वैद्यक शिकलेले व्ही. एस. रामचंद्रन यांचं ‘फँटम्स इन द ब्रेन’ (१९९८) अजूनही ताजं आहे. कापलेला हात दुखतो कसा, आणि साध्या आरशाच्या खोक्याने तो भास काहींच्या बाबतीत हलका होतो कसा, हे वाचताना प्रयोगाचा आनंद मिळतो. पुढे आरसा-चेतापेशींच्या बाबतीत मात्र त्यांचं घोडं उधळलं. इटलीत माकडांमध्ये सापडलेल्या, स्वतः कृती करताना आणि दुसऱ्याची तीच कृती पाहतानाही जाग्या होणाऱ्या या पेशींवर त्यांनी सहानुभूतीपासून संस्कृतीपर्यंत सगळा भार टाकला. ग्रेगरी हिकॉक यांचं २०१४चं पुस्तक त्या उत्साहाचा शांतपणे समाचार घेतं.

‘मेंदूला वळण लावा, यशस्वी व्हा’ थाटाच्या पुस्तकांवर फार शाई खर्चू नये. डावा मेंदू हिशेबी, उजवा कलावंत. आपण मेंदूचा दहाच टक्के वापर करतो. ही नाणी खोटी ठरून जमाना झाला, तरी चलनात आहेत. जोना लेहरर यांचं सर्जनशीलतेवरचं ‘इमॅजिन’ २०१२मध्ये प्रकाशकाने बाजारातून मागे घेतलं, कारण त्यात बॉब डिलनच्या तोंडी रचलेली वाक्यं होती. रंगीत स्कॅनवर भाळणाऱ्यांनी तर मेलेल्या सामन माशाचा प्रयोग वाचावाच. त्याला यंत्रात ठेवून माणसांची चित्रं ‘दाखवली’, आणि आकडेमोडीत आवश्यक ती दुरुस्ती न करता पाहिलं, तर त्याच्या मेंदूतही हालचाल दिसली. हे संशोधन थट्टेचं होतं, इशारा खरा होता.

अलीकडच्या लेखकांत पाय जमिनीवर ठेवणारे वाढले आहेत. सुझाना हर्कुलानो-हूझेल यांनी मेंदूच्या ऊती विरघळवून पेशी मोजण्याची युक्ती काढली आणि पाठ्यपुस्तकांतला १०,००० कोटी चेतापेशींचा आकडा सुमारे ८,६०० कोटींवर आणला. लिसा फेल्डमन बॅरेट यांचं ‘सेव्हन अँड अ हाफ लेसन्स अबाउट द ब्रेन’ (२०२०) छोटं आहे. आपल्या डोक्यात सरड्याचा मेंदू दडलेला आहे, ही समजूत ते पहिल्याच धड्यात काढून टाकतं. पण मला विचाराल तर मानाचं पान मॅथ्यू कॉब यांच्या ‘द आयडिया ऑफ द ब्रेन’ला (२०२०). प्रत्येक युगाने मेंदूला आपल्या काळातल्या यंत्रात कसं पाहिलं, कधी कारंजं, कधी तारायंत्र, आता संगणक, हा इतिहास ते सांगतात आणि आपलं अज्ञान कुठून सुरू होतं तेही आडपडदा न ठेवता दाखवतात. मधली काही प्रकरणं जड आहेत. ती सावकाश वाचावीत.

मराठीत सुबोध जावडेकर आणि डॉ. आनंद जोशी यांचं ‘मेंदूतला माणूस’ आहे, अच्युत गोडबोले यांचं मानसशास्त्रावरचं ‘मनात’ आहे. दोन्ही पुस्तकं बाहेरचं ज्ञान सोप्या भाषेत घरी आणतात आणि ते काम गरजेचंच होतं. आता पुढचं पाऊल डॉक्टरांनी टाकावं. पक्षाघातानंतर वाचा गेलेली शिक्षिका, फेफरं लपवून लग्न करून दिलेली मुलगी, गावच्या भगताकडून थेट न्यूरॉलॉजिस्टकडे पोहोचलेला शेतकरी, ही माणसं न्यूयॉर्कच्या रुग्णालयात भेटणार नाहीत. ती मुंबई, पुणे, नागपूर, संभाजीनगरच्या बाह्यरुग्ण विभागांत बसलेली असतात. तिथल्या डॉक्टरांनी रुग्णांची परवानगी घेऊन, त्यांची ओळख जपून, लुरियांच्या संयमाने लिहायला घ्यावं. प्रकाशकांनीही त्यांच्याकडे सल्ल्याचं पुस्तक मागू नये.