पागानिनी : दंतकथा आणि देणगी

निकोलो पागानिनी या इटालियन व्हायोलिनवादकाविषयी दोन गोष्टी सर्वत्र सांगितल्या जातात. त्याच्यासारखा व्हायोलिनवादक झाला नाही, ही पहिली. आणि ती कला त्याने सैतानाला आत्मा विकून मिळवली, ही दुसरी. पहिली गोष्ट वादविषय होऊ शकते. दुसरी निव्वळ भाकडकथा आहे. तरीही लोकांच्या स्मरणात दुसरीच अधिक घट्ट रुतून बसली आहे. या दंतकथेने त्याच्या संगीताचे मूल्यमापन झाकोळले आणि ख्रिस्तसभेच्या इतिहासातही एक क्लेशकारक प्रकरण घडवले, असे आमचे मत आहे. म्हणून त्याची कला, त्याचे जीवन आणि त्याचे मरण यांचा एकत्रित विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पागानिनीचा जन्म २७ ऑक्टोबर १७८२ रोजी जेनोआ येथे एका सामान्य कुटुंबात झाला. पाचव्या वर्षी बापाने त्याच्या हाती मँडोलिन दिले आणि सातव्या वर्षी व्हायोलिन. बाप कठोर होता. मुलाकडून तो तासन्‌तास सराव करून घेई. पुढे पार्मा येथे आलेस्सांद्रो रोल्ला प्रभृतींकडे त्याचे शिक्षण झाले. १८०५ पासून काही वर्षे त्याने लुक्का येथे नेपोलियनची बहीण एलिझा हिच्या दरबारी चाकरी केली आणि नंतर स्वतंत्र वादक म्हणून बाहेर पडला. १८१३ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहाने त्याला डोक्यावर घेतले. १८२७ मध्ये पोप लिओ बारावे यांनी त्याला 'सुवर्ण आरी' या सन्मानाचा सरदार केले. १८२८ मध्ये व्हिएन्ना, पुढे जर्मनी आणि १८३१ मध्ये पॅरिस व लंडन अशी त्याची विजययात्रा झाली. सहा-सात वर्षांत त्याने अवघा युरोप जिंकला.

त्याच्या वादनात असे काय होते? डावा हात तारांवर स्वर दाबीत असतानाच त्याच हाताच्या मोकळ्या बोटाने तो तार छेडीत असे, त्यामुळे दोन वाद्ये एकदम वाजल्याचा भास होई. तार पूर्ण न दाबता नुसत्या स्पर्शाने निघणारे, शिळेसारखे बारीक स्वर तो दोन-दोन तारांवर एकाच वेळी काढी. गज तारांवर टाकून तो चेंडूसारखा उसळू देई. पहिल्या कॉन्चेर्तोत त्याने आपल्या व्हायोलिनच्या चारही तारा अर्ध्या स्वराने चढवल्या. त्यामुळे त्याला बोटे सोयीच्या जागी ठेवता आली आणि वाद्यवृंदाच्या तुलनेत त्याचा स्वर अधिक झळाळून उठला. ही सारी योजना अभ्यासाची आहे, चेटकाची नव्हे. यांतले सगळेच त्याने नव्याने शोधले असेही नाही. लोकातेल्ली या इटालियन वादकाने १७३३ मध्येच चोवीस अतिशय अवघड कॅप्रिस छापले होते आणि पागानिनीने ते अभ्यासले होते. १८३१ मध्ये बेन्नाती या डॉक्टरने त्याच्या सांध्यांच्या विलक्षण लवचिकपणाविषयी लिहून ठेवले. देवाने शरीर दिले, बापाने शिस्त दिली, पूर्वसूरींनी वाट दाखवली आणि त्याने आयुष्य झिजवले. इतका हिशेब पुरेसा आहे.

परंतु लोकांना हा हिशेब रुचत नाही. अतिशय कृश देह, फिकट चेहरा, काळा पोशाख आणि खांद्यावर रुळणारे केस पाहून व्हिएन्नातील एका श्रोत्याला म्हणे त्याच्या शेजारी उभा राहून गज चालवणारा सैतान दिसला! त्याने खून करून तुरुंगवास भोगला, अशीही कंडी पिकली. अखेर आपण माणसाच्याच पोटी जन्मलो हे दाखवण्यासाठी त्याला आपल्या आईचे पत्र छापून प्रसिद्ध करावे लागले. कलावंतावर अशी वेळ यावी यापरती विटंबना कोणती? त्याच व्हिएन्नात फ्रान्झ शुबर्टनेही त्याला ऐकले. त्याच्या संथ वादनात आपण देवदूताचे गाणे ऐकले, असे शुबर्ट म्हणाल्याची नोंद आहे. वाद्य तेच, वादक तोच. एकाला सैतान दिसला, दुसऱ्याला देवदूत ऐकू आला. आम्ही शुबर्टच्या कानांवर विश्वास ठेवतो.

येथे समीक्षकाने पक्षपातही करू नये. पागानिनीच्या कॉन्चेर्तोंत वाद्यवृंदाचे काम पुष्कळदा पाठीराख्याचे असते. व्हायोलिन थांबले की संगीतही थांबल्यासारखे वाटते. टाळ्यांसाठी घातलेल्या करामती त्यांत आहेत आणि आज त्या पोकळ वाजतात. मात्र सर्वांत खालच्या, जी स्वराच्या एकाच तारेवर वाजवण्यासाठी त्याने रोस्सिनीच्या 'मोझेस' या संगीतिकेतील प्रार्थनेवर जी रचना केली, तिचा आरंभ ऐकावा. तेथे करामत मागे पडते आणि प्रार्थना पुढे येते. त्याचे खरे स्मारक म्हणजे १८२० मध्ये प्रसिद्ध झालेले चोवीस कॅप्रिस. राजाला वा सरदाराला नव्हे, तर 'कलावंतांना' ते अर्पण केलेले आहेत. साथीशिवाय, एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या या छोट्या रचनांत प्रत्येक अवघड युक्तीला काही तरी बोलायचे असते. लिस्टने १८३२ मध्ये पॅरिसला त्याचे वादन ऐकले आणि पियानोवर तेच साधण्याचा ध्यास घेतला. शूमान, ब्राम्स, राखमानिनोव्ह यांनी याच कॅप्रिसांतून बीज उचलले. पोकळ करामतीतून असे पीक येत नाही.

माणूस म्हणून तो संत नव्हता. तो जुगारी होता. लग्नावाचूनच गायिका आंतोनिया बियांकी हिच्यापासून १८२५ मध्ये त्याला आकिल्ले हा मुलगा झाला. लंडनला तिकिटांचे दर दुप्पट ठेवल्यामुळे त्याच्यावर लोभीपणाचा आरोप झाला. पण याच 'लोभी' माणसाने डिसेंबर १८३८ मध्ये बेर्लिओझची 'हॅरल्ड इन इटली' ही रचना ऐकली, सर्वांदेखत त्याच्यापुढे गुडघे टेकले आणि लगोलग वीस हजार फ्रँक पाठवून दिले. त्या पैशाने निश्चिंत झालेल्या बेर्लिओझने पुढच्याच वर्षी 'रोमिओ आणि ज्युलिएट' ही रचना पूर्ण केली.

तोपर्यंत पागानिनीचा आवाज गेला होता. बापाच्या ओठांची हालचाल पाहून लहानगा आकिल्ले त्याचे बोलणे लोकांना सांगत असे. २७ मे १८४० रोजी नीस येथे त्याला मरण आले. अंतिम संस्कार त्याने घेतले नव्हते. बिशप गाल्व्हानो यांनी पवित्र भूमीत दफनाची परवानगी नाकारली. मुलाने दाद मागितली. वाद वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांपर्यंत गेला आणि ती शवपेटी वर्षानुवर्षे ठिकठिकाणी फिरत राहिली. १८४५ मध्ये पार्माजवळ तिला माती मिळाली आणि १८७६ मध्ये पार्माच्या दफनभूमीत तिची प्रतिष्ठापना झाली. मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी!

बिशपमहोदयांना दोष देणे आज सोपे आहे. समोर संस्कार न घेतलेला, वादग्रस्त जीवन जगलेला माणूस होता. लोकापवादाचे भय होते. त्या काळची शिस्तही कडक होती. तथापि एक कागद आम्हांस विसरता येत नाही. १८३७ च्या आपल्या मृत्युपत्रात पागानिनीने साधेपणाने दफन व्हावे, वादकांनी आपल्यासाठी रेक्विएम वाजवू नये आणि कापुचिन धर्मगुरूंनी आपल्या आत्म्यासाठी शंभर मिस्सा अर्पण कराव्यात, असे लिहून ठेवले होते. सैतानाला आत्मा विकलेला माणूस मिस्सा मागतो काय? १९८३ च्या धर्मसंहितेचे १८४ व्या पृष्ठावर नव्हे, तर ११८४ व्या कलमात स्पष्ट वचन आहे, की उघड पाप्यालाही मृत्यूपूर्वी पश्चात्तापाचे काही चिन्ह दाखवले असेल तर धार्मिक दफन नाकारू नये. शंभर मिस्सांची मागणी हे चिन्ह नाही, असे म्हणण्यास आम्ही धजणार नाही. दंतकथेने येथे न्यायाच्या तागडीत आपले वजन टाकले, अशी आमची शंका आहे.

या कथेला एक संगीतमय उत्तरार्धही आहे. १९३४ मध्ये राखमानिनोव्हने पागानिनीच्या चोविसाव्या कॅप्रिसवर चोवीस रूपांतरे रचली. त्यांतील सातव्या रूपांतरात अचानक 'दिएस इरे' ऐकू येते. जुन्या लॅटिन मृत-मिस्सात म्हटले जाणारे ते गंभीर गायन आमच्या पिढीतील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. राखमानिनोव्हने स्वतः पुढे या सुरावटीचा संबंध दुष्टात्म्याशी जोडला; म्हणजे तोही दंतकथेच्या मोहातून सुटला नाही. पण रचना अनेकदा रचनाकाराहून शहाणी असते. ज्याच्या शवपेटीला देवळाचे दार मिटले होते, त्याच्याच सुरांशेजारी देवळातील मृतांचे गायन येऊन उभे राहते, हा अर्थ आम्हांस अधिक भावतो.

पागानिनीचे लाडके व्हायोलिन १७४३ मध्ये क्रेमोनाच्या ग्वार्नेरीने घडवलेले. हा कारागीर आपल्या वाद्यांतील चिठ्ठीवर क्रूस आणि येशूच्या नामाची आद्याक्षरे छापीत असे. म्हणून त्याला 'देल जेजू', म्हणजे 'येशूचा', असे नाव पडले. ज्याच्या हाती सैतान पाहिला गेला, त्याच्या हातातील वाद्याच्या पोटात येशूचे नाव होते! ते व्हायोलिन त्याने आपल्या जन्मगावाला दिले आणि जेनोआने ते आजतागायत जपले आहे.

व्हायोलिन आपल्याला परके नाही. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या मुले सोलफा आणि व्हायोलिन शिकली. त्यांतल्या कित्येकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. आपल्या घरातील मुलाच्या हाती आज हे वाद्य असेल, तर त्याला पागानिनीची सैतानकथा सांगू नये. सातव्या वर्षापासूनचा सराव, लोकातेल्लीचे पुस्तक आणि शंभर मिस्सांची मागणी सांगावी. आणि ज्या घरी कोणी वाजवीत नसेल, त्या घरी नोव्हेंबरच्या मृतांच्या महिन्यात एखादी प्रार्थना या माणसासाठीही व्हावी. त्याने ती मागितली होती.