कर्डक, वामनदादा

(१५ ऑगस्ट १९२२ – १५ मे २००४). आंबेडकरी चळवळीतील मराठी लोककवी व गायक. संपूर्ण नाव वामन तबाजी कर्डक. जन्म नासिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी ह्या खेड्यात, अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार समाजात. शालेय शिक्षण त्यांना मिळाले नाही. लहानपण कष्टाच्या कामांत गेले आणि पुढे पोटासाठी ते मुंबईस आले. तेथे गिरणीत व अन्यत्र मजुरी करीत असताना कामगारांच्या चाळीत त्यांचे वास्तव्य होते. शेजाऱ्याने वाचून दाखविण्यास दिलेले पत्र आपणास वाचता येत नाही, ह्याची त्यांना लाज वाटली आणि त्यानंतर ते अक्षरे शिकले, अशी हकीकत सांगितली जाते. १९४३ मध्ये त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना प्रथम पाहिले. त्याच वर्षी एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर त्यांनी आपली पहिली रचना केली. तेव्हापासून अखेरपर्यंत, सुमारे साठ वर्षे, गीते रचणे आणि ती गावोगाव गाणे हाच त्यांचा व्यवसाय व हेच त्यांचे व्रत झाले.

वामनदादांच्या गीतांमागे जलशाची परंपरा आहे. महात्मा फुले ह्यांच्या सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी तमाशाचा साचा घेऊन त्यातील गण, गौळण व वग ह्यांना प्रबोधनाचे वळण दिले होते. १९३० नंतरच्या दशकात त्याच धर्तीवर आंबेडकरी जलसे उभे राहिले. त्यांतील एक प्रमुख जलसा भीमराव कर्डक ह्यांचा. तेही नासिक जिल्ह्याचेच असल्याने आडनावाच्या साम्यामुळे दोघांची गल्लत अनेकदा केली जाते. भीमराव हे जलशाचे संघटक व वगकार होते, तर वामनदादा हे गीतकार. जलशाला पात्रे, साथीदार आणि संवाद लागतात. वामनदादांनी त्यातील केवळ गीत उचलले आणि एक गायक, एक वाद्य व दोनचार साथीदार एवढ्यावर ते उभे केले. ह्या काटछाटीमुळे गीत कोणत्याही वस्तीत, सभेच्या आधी अथवा नंतर, लग्नात किंवा शोकप्रसंगीही गाता येऊ लागले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेले धर्मांतर आणि त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी झालेले बाबासाहेबांचे निधन ह्यांनंतर नवा धम्म घरोघर समजावून देण्याचे काम मुख्यत्वे अशा गीतांनी केले. ग्रंथ वाचू न शकणाऱ्या पिढीपर्यंत बुद्ध, फुले व आंबेडकर ह्यांची चरित्रे पोहोचली, ती गाण्यांतून.

ह्या प्रसाराचा भूगोलही लक्षात घेण्याजोगा आहे. नासिककडून व पुण्याकडून येणारे लोहमार्ग कल्याण येथे एकत्र येऊन ठाण्यावरून मुंबईस जातात. नासिक, अहमदनगर व मराठवाडा ह्या भागांतून रोजगारासाठी निघालेली बहुसंख्य दलित कुटुंबे ह्याच मार्गालगतच्या कल्याण, अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवली व ठाणे येथील वस्त्यांतून स्थिरावली. रेल्वे, गिरण्या व रासायनिक कारखाने ह्यांत राबणाऱ्या ह्या लोकांना गावचे लोकगीतही हवे होते आणि शहरातील कव्वालीचा ठेकाही. वामनदादांच्या रचनेत दोन्ही आढळतात. १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीस ह्या पट्ट्यात रात्रभर चालणारे गायनाचे सामने हे त्यांच्या गीतांचे खरे प्रकाशन होते, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. कल्याण येथे राहिलेले प्रसिद्ध गायक प्रल्हाद शिंदे आणि त्यांचे पुत्र व नातू ह्यांनी भीमगीतांची परंपरा ध्वनिमुद्रिका व ध्वनिफिती ह्यांच्या द्वारे दूरवर नेली. ज्यांनी वामनदादांना कधी पाहिले नाही, अशा असंख्य श्रोत्यांना त्यांची गीते इतर गायकांच्या आवाजातूनच परिचित झाली. त्यामुळे अनेकांच्या लेखी गाणे गायकाचे झाले आणि कवी मागे राहिला.

अशा स्थितीत रचनेतील नाममुद्रेला विशेष अर्थ प्राप्त होतो. वामनदादा आपल्या गीताच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफतात. संतांच्या अभंगातील ‘तुका म्हणे’ ही प्रथा आणि गझलेच्या अखेरच्या शेरातील कविनाम ही दोन्ही वळणे त्यांना ठाऊक होती. गझलेचा छंद तर त्यांनी आवडीने हाताळला. परंतु संतांची नाममुद्रा देवापुढे लीन होते आणि गझलकाराची पुष्कळदा स्वतःशी खेळते. वामनदादांची नाममुद्रा श्रोत्यांतून उठून साक्ष देते. जो बोलतो आहे तो ह्याच वस्तीतला, हेच दुःख सोसलेला एक मनुष्य आहे, एवढे ती सांगते. ज्या समाजाच्या नावाचा उच्चारही गावकुसाच्या आत अपवित्र मानला जात होता, त्यातील एका मजुराने हजारो लोकांच्या तोंडी आपले नाव ठेवावे, ही गोष्ट साधी नव्हे. पुस्तकावर नाव छापले जाण्याची शक्यता नसताना कवीने आपला हक्क गीताच्या आतच नोंदवून ठेवला.

त्यांच्या भाषेची घडण श्रवणाला धरून आहे. वाक्ये लहान, शब्द रोजच्या बोलीतील, यमके ठळक आणि ध्रुवपद असे की पहिल्या आवर्तनानंतर समुदायाने ते उचलावे. प्रतिमा थोड्या असतात, पण त्या मळलेल्या वाटेवरच्या असतात : दिवा, वादळ, पाखरू, नांगर, भाकरी. कामगार म्हणून आलेला अनुभव त्यांच्या उपरोधात्मक गीतांत दिसतो. देशातील बड्या उद्योगपतींची नावे घेऊन ‘आमचा वाटा कुठे’ अशा आशयाचा जाब विचारणारे त्यांचे गीत सभांतून अत्यंत लोकप्रिय होते. त्यात जातीच्या प्रश्नाबरोबर वर्गाचा प्रश्न सहज येऊन बसतो आणि तोही कोणत्याही परिभाषेवाचून. ह्याहून अवघड काम त्यांनी आपल्याच लोकांना सुनावणाऱ्या गीतांत केले. बाबासाहेबांचे नाव घेणारे पुष्कळ, पण त्यांच्या विचाराने चालणारे किती, हा प्रश्न जयंतीच्या व्यासपीठावरून विचारण्यास धैर्य लागते. गौरवगीताच्या चालीतच हा प्रश्न येत असल्यामुळे टाळ्या वाजविणारा श्रोता क्षणभर थबकतो. वामनदादांचे कवित्व सर्वांत अधिक येथे उतरले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सर्वच रचना ह्या उंचीच्या नाहीत. प्रसंग पडेल तसे गीत रचावयाचे असल्याने अनेक ठिकाणी पुनरुक्ती आहे. काही गीते निव्वळ स्तुतीपाशी थांबतात, तर काहींत लोकप्रिय चालीच्या सोयीसाठी शब्द ओढूनताणून बसविलेला जाणवतो. तथापि हे दोष दाखविताना ती कागदावर वाचली जात आहेत, हेही विसरता कामा नये. ‘वाटचाल’ (१९७३), ‘मोहळ’ (१९७६) आणि ‘हे गीत वामनाचे’ (१९७७) हे त्यांचे संग्रह म्हणजे गायनाची टिपणे होत. पुनरुक्ती गायनात श्वास घेण्यास व जमाव एकत्र आणण्यास उपयोगी पडते, छापील पानावर मात्र ती भरताड वाटते.

मराठी समीक्षेने वामनदादांची दखल उशिरा घेतली, ह्याचे एक कारण हेच आहे. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ ह्यांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना झाली. त्यानंतर दलित कविता म्हणजे मुक्तछंदातील, पुस्तकरूप, विद्रोही कविता असे समीकरण रूढ झाले. अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याशी तिची तुलना होऊ लागली. ती उचितही होती. मात्र तुलनेसाठी ब्लॅक पँथर चळवळीच्या काळाकडे पाहणाऱ्यांनी त्याआधीच्या पॉल लॉरेन्स डन्बार (१८७२–१९०६) ह्या कवीकडे फारसे पाहिले नाही. डन्बार हा ओहायओ राज्यातील डेटन येथला, पूर्वी गुलाम असलेल्या आईबापांचा मुलगा. उद्‌वाहकाचा चालक म्हणून नोकरी करीत त्याने कविता लिहिली. त्याने प्रमाण इंग्रजीत व काळ्यांच्या बोलीत अशा दोन्ही प्रकारे रचना केली. परंतु १८९६ मध्ये विल्यम डीन हॉवेल्स ह्या प्रतिष्ठित समीक्षकाने विशेष गौरव केला तो बोलीतील कवितांचा. पुढे गोऱ्या वाचकांना त्याच्याकडून तेवढेच हवेसे झाले आणि ही कीर्ती डन्बारला जाचू लागली. वामनदादांना हा जाच सोसावा लागला नाही. त्यांची बोली बाहेरच्या वाचकाच्या करमणुकीसाठी नव्हती, ऐकणारे त्यांचेच होते. त्यांच्या वाट्याला आली ती ह्याची दुसरी बाजू : प्रतिष्ठित समीक्षकाने चुकीच्या कारणासाठी केलेले कौतुकही नाही आणि योग्य कारणासाठी केलेले परीक्षणही नाही. दोघांच्या बाबतीत मूळ अडचण एकच दिसते. बोलीत गाणारा कवी हा कलावंत नसून आपल्या समाजाचा नमुना आहे, असे समजले गेले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हे चित्र काहीसे बदलले. १९९३ मध्ये वर्धा येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वामनदादांना देण्यात आले. ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे त्यांचे आत्मकथन १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या रचनांची संख्या हजारोंनी सांगितली जाते. त्यांपैकी पुष्कळ गायकांच्या वह्यांतून व स्मरणातून विखुरलेल्या असून एकाच गीताची वेगवेगळी पाठांतरे आढळतात. काही ठिकाणी शेवटचे कडवेच गळालेले असते आणि त्याबरोबर कवीचे नावही. पाठ निश्चित करताना ही कडवी शोधून मूळ जागी बसविणे, हे संपादकाचे पहिले काम ठरते.