श्यामची आई, परश्याचे आजोबा

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी नातीला ‘श्यामची आई’ वाचून दाखवीत होतो. आईच्या शेवटच्या आजाराशी येऊन पोहोचलो आणि दर वेळी येतो तसा माझा गळा दाटून आला. नात मात्र रडली नाही. तिने विचारले, “आजोबा, त्या आईला सांभाळायचं काम कुणाचं होतं?” मी ‘तो काळच तसा होता’ असे काहीतरी पुटपुटलो आणि पुस्तक मिटले. प्रश्न मात्र मिटला नाही. तो घेऊनच मी हे लिहायला बसलो आहे.

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला आणि त्या वर्षी प्रथमच सुरू झालेले राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्याने मिळविले. वनमालाबाईंची आई आणि माधव वझ्यांचा श्याम आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढून अजून हलत नाहीत. आता मी जे म्हणणार आहे ते कित्येकांना रुचणार नाही. पण दिवाळीच्या फराळात एखादा तिखट जिन्नस असावाच लागतो.

माझे म्हणणे असे, की हे पुस्तक आपण फार भक्तीने वाचले, आणि म्हणूनच अर्धे वाचले. पोहायला भिणाऱ्या मुलाला फोकाने झोडपणारी आई आपण लक्षात ठेवली, तिचे संस्कार पाठ केले. परंतु त्याच पानांतून कर्ज वाढत जाते, सावकाराचा तगादा येतो, अब्रू चव्हाट्यावर येते आणि ती माउली झिजत झिजत संपते. शेजारपाजारचा ओलावा पुस्तकात पुष्कळ आहे. पण त्या घराला बुडण्यापूर्वी हात देणे हे ज्याचे कर्तव्य आहे, असा एकही माणूस त्यात नाही. मुलांचे रक्षण करायचे ते एका आईने, आणि तिचे रक्षण करायला कुणी नाही! आईला एकदा देव्हाऱ्यात बसवली, की तिच्या डोक्यावरचे ओझे उतरविण्याची जबाबदारी कुणावरच उरत नाही. हा दोष गुरुजींचा नव्हे. त्यांनी मुलाचे ऋण फेडले. ढोबळ हिशेब चुकला तो आपला, वाचकांचा.

योगायोग असा, की तुरुंगातल्या त्या लेखनानंतर तीनच वर्षांनी, १९३६ साली, मुंबईत नागपाड्याला समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. दुसऱ्याच्या संकटात शिरणे हे केवळ पुण्यकर्म नसून शिकून करायचे काम आहे, हा विचार तिथे रुजला. मराठी पडद्यावर मात्र तसा माणूस ठसठशीतपणे दिसायला बराच काळ जावा लागला.

तो दिसला ‘श्वास’मध्ये. संदीप सावंतांच्या ह्या चित्रपटाला २००३ सालचे सुवर्णकमळ मिळाले. ‘श्यामची आई’नंतर हा मान मिळविणारा पहिला मराठी चित्रपट हाच, आणि मधे गेली तब्बल पन्नास वर्षे! ह्याही चित्रपटात एक मूल आहे आणि त्याला छातीशी धरणारे एक माणूस आहे. कोकणातले आजोबा लहानग्या परश्याला घेऊन शहरातल्या इस्पितळात येतात. मुलाच्या दोन्ही डोळ्यांना कर्करोग आहे. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी कायमची जाईल. डॉक्टरांचे म्हणणे, हे त्या मुलाला आधी सांगितले पाहिजे. आता सांगायचे कुणी?

इथे आसावरी येते. ती इस्पितळातली समाजसेविका. ती आजोबांच्या शेजारी बसते, त्यांचे ऐकून घेते, डॉक्टरांची भाषा त्यांना आणि त्यांचे मौन डॉक्टरांना समजावून सांगते. अरुण नलावड्यांचे आजोबा पाहताना मला पुनःपुन्हा वाटले, की इथे रोगी एक नाही, दोन आहेत. मुलाला वाचविणे आणि मुलाचा हात धरलेल्या माणसाला सावरणे ही दोन निराळी कामे नव्हेतच. शस्त्रक्रिया लांबते तेव्हा आजोबा परश्याला घेऊन गुपचूप बाहेर पडतात. अंधार होण्यापूर्वी त्याला जग दाखवून आणतात. इस्पितळात एकच गोंधळ उडतो, डॉक्टर संतापतात. नियमाने पाहिले तर म्हाताऱ्याचे चुकलेच. पण त्या चुकीतली माया डॉक्टरांना उमगते, तिथे चित्रपट मोठा होतो.

तरी एक तक्रार आहेच. परश्या काळा चष्मा लावून गावी परततो आणि चित्रपट संपतो. खरी परीक्षा तिथून पुढे सुरू होते. शाळा कोणती, ब्रेल कोण शिकविणार, वाट पाहणाऱ्या आईला धीर कोण देणार? इस्पितळाच्या फाटकाशी आसावरीचे काम संपत असेल, तर श्यामच्या घरापासून आपण फारसे पुढे आलो नाही.

पुढचा रस्ता कागदावर तरी आहे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. अनाथ, एकच पालक असलेल्या किंवा आजारपणाने कोलमडलेल्या घरातल्या मुलाला संस्थेत न धाडता कुटुंबातच वाढवावे, त्यासाठी सरकारने पैसे द्यावेत, ही तिची कल्पना. २०२३ साली ती रक्कम महिन्याला २,२५० रुपये झाली. त्यात घर चालत नाही हे खरे. पण मुलाला जपायचे तर त्याच्या घराला जपले पाहिजे, एवढे सरकारदरबारी मान्य झाले, हे थोडे नव्हे. मात्र तो अर्ज भरायला, खेटे घालायला कुणीतरी त्या बाईच्या बरोबर जावे लागते, आणि ते माणूस सरकारी कागदातून आपोआप उगवत नाही.

ह्या दिवाळीत नातीला ‘श्वास’ दाखविणार आहे. नंतर ‘श्यामची आई’ पुन्हा वाचू. गळा दाटायचा तेव्हा दाटो. पण ह्या वेळी तिने तोच प्रश्न विचारला, तर मी काळावर ढकलणार नाही. ‘आपलं होतं’, असे सांगेन.