भेट आणि गाठ : अवकाश-खेळांतील आकस्मिक प्रसंगांच्या सातत्याचा विचार

अवकाशप्रवासावरील संगणकीय खेळांत खेळाडू हा यानाचा कप्तान असतो. प्रवासात त्याला चाचे, व्यापारी, पोलीस अवचित भेटतात. त्यांपैकी कोण व केव्हा समोर यावे, हे यादृच्छिक अंकांवर सोपविलेले असते. मात्र यान नष्ट झाले किंवा नजरेआड गेले की त्या पात्राचे अस्तित्वच पुसले जाते. अशा भेटींना सातत्य कशाने लाभते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल यांचा ‘एलीट’ हा खेळ १९८४ साली बीबीसी मायक्रो या संगणकावर आला. अवघ्या ३२ किलोबाइट स्मृतीत त्यांनी ८ दीर्घिका आणि प्रत्येकीत २५६ ग्रहमाला बसविल्या. ही माहिती साठविलेली नव्हती. एका बीजसंख्येपासून गणिताने ती दर वेळी जशीच्या तशी निर्माण होई. वाटेत भेटणाऱ्या यानांची मात्र कोठेही नोंद नसे. परिणामी या विश्वात निर्जीव ग्रहांना सातत्य लाभले आणि माणसे क्षणभंगुर ठरली. खेळाडूच्या गुन्ह्यांची नोंद राही व ‘फरारी’ असा शिक्काही बसे. परंतु ज्याला लुटले, त्याची आठवण कोणालाच नसे. ही स्मृती एकतर्फी होती.

हा केवळ संगणकाच्या मर्यादेचा प्रश्न होता काय? २०१६ च्या ‘नो मॅन्स स्काय’मध्ये अठरावर अठरा शून्ये द्यावीत इतके ग्रह आहेत. परंतु ग्रहांची संख्या वाढल्याने ओळखीच्या माणसांची संख्या वाढत नाही. ‘ईव्ह ऑनलाइन’ (२००३) मध्ये वैर व मैत्री वर्षानुवर्षे टिकतात. परंतु तेथे समोरचा चालक खराखुरा माणूस असतो. स्मरण तोच बाळगतो, खेळाच्या रचनेला ते निर्माण करावे लागत नाही.

या दृष्टीने मॅकिंटॉशसाठी १९९६ मध्ये आलेला ‘एस्केप व्हेलॉसिटी’ अधिक बोधप्रद आहे. त्यातील बहुतेक याने निनावीच होती. त्यांच्या गर्दीत मोजकी नामधारी पात्रे अधूनमधून भेटत. त्यांपैकी काहींवर हल्ला केल्यास ती डूख धरीत आणि पुढे जेथे भेटतील तेथे उलटून येत. कॅप्टन हेक्टर हे पात्र तर खेळाचे शुल्क न भरणाऱ्यांना त्याची आठवण करून देई आणि मुदत संपल्यावर त्यांच्यावर हल्लाही करी. वसुलीसाठी योजलेले हे पात्र लक्षात राहते, कारण त्याचा आणि खेळाडूचा हिशेब अपुरा असतो.

मराठीत ‘भेट होणे’ आणि ‘गाठ पडणे’ यांत सूक्ष्म भेद आहे. ‘गाठ माझ्याशी आहे’ या धमकीत पुढील भेटीचे सूचन असते. आकस्मिक भेटीची गाठ होण्यासाठी ओळखता येणारे नाव, दोन्ही बाजूंचे स्मरण आणि अपुरा राहिलेला व्यवहार या तीन गोष्टी आवश्यक ठरतात. अवकाश-खेळ अडखळतात ते तिसऱ्या गोष्टीपाशी. त्यांतील बहुतेक चकमकी एका पक्षाच्या विनाशाने संपतात. आणि मेलेल्याशी पुन्हा गाठ पडत नाही.

‘शॅडो ऑफ मॉर्डोर’ (२०१४) हा खेळ अवकाशातला नाही. तरी या अडचणीवर त्याने मार्ग काढला. नायकाला मारणारा शत्रू पदोन्नती मिळवतो, नायक परतल्यावर त्याला ओळखतो आणि काही शत्रू तर जुन्या जखमांचे व्रण घेऊन पुन्हा समोर येतात. या रचनेला २०२१ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. तथापि शत्रूने डूख धरण्याची कल्पना त्याहून जुनी आहे, हे वरील विवेचनावरून स्पष्ट होते.

येथे एक आक्षेप संभवतो. प्रत्येक पात्र ओळखीचे निघाले, तर अथांग अवकाशाचे एका गावात रूपांतर होईल आणि परकेपणाचा अनुभव हरवेल. हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच बहुसंख्य भेटी विस्मरणीय असणे इष्ट आहे. मोजक्याच भेटींत शरणागती, खंडणी, पलायन, उपकार यांना वाव हवा. ज्याला मारता आले असते पण सोडून दिले, असा चाचा दहा ग्रहमालांनंतर समोर आला, तर खेळाडूला त्याचीच पूर्वीची निवड पुन्हा भेटते. आकस्मिक भेटींच्या सातत्याचा प्रश्न अशा रीतीने संगणकाच्या स्मृतीपेक्षा खेळातील दयेला कितपत जागा ठेवली आहे, याच्याशी अधिक निगडित आहे.